बारा घाव खाऊनही योद्धा उभा कसा? हिट पॉइंट्स आणि ‘खरेपणा’

नमस्कार. डंजन्स अँड ड्रॅगन्सवर, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत आपापल्या पात्राची गोष्ट खेळायच्या खेळावर, मी कोणताही व्हिडिओ केला, विषय जादूचा असो वा नकाशांचा, तरी खाली एक प्रतिक्रिया ठरलेली असते: “सगळे ठीक आहे, पण माणूस तलवारीचे बारा घाव खाऊन उभा कसा राहतो?” गेल्या व्हिडिओखाली तर यावरून दोन प्रेक्षकांची चांगलीच जुंपली होती, त्यामुळे आज हाच विषय घेतो.

मूळ नियम झटपट सांगतो. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा आणि बेरीज समोरच्याच्या आर्मर क्लासइतकी (त्याला वार लागणे किती कठीण हे सांगणारा, चिलखताने वाढणारा आकडा) किंवा त्याहून जास्त झाली की वार लागला असे धरायचे. मग डॅमेजचा, म्हणजे नुकसानीचा, फासा टाकून तेवढे हिट पॉइंट्स वजा करायचे; ते शून्यावर आले की पात्र आडवे. हे बहुतेकांना पाठ आहे.

आता आकडे पाहू, आणि तेही २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे. कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) १४ असलेल्या पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या, फायटरला (योद्ध्याला) १२ हिट पॉइंट्स मिळतात आणि दहाव्या लेव्हलला सरासरीने ८४. लाँगसोर्डचा एक वार, ताकदीचा बोनस ३ धरून, सरासरी साडेसात पॉइंट्स घेतो. म्हणजे पहिला गडी दोन वारांत आडवा होतो आणि दुसऱ्याला बारा लागतात. दहाव्या लेव्हलच्या माणसाची कातडी सातपट जाड झाली का? अर्थातच नाही. वाढले आहे ते जीवघेणा वार ऐनवेळी चुकवण्याचे कसब, दम आणि नशीब. या खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकात नेमका हाच खुलासा केला होता, तरीही ‘हिट पॉइंट्स म्हणजे रक्त’ हा समज काही जात नाही.

तो जात नाही याचा दोष मी आपल्या डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या) मंडळींना देतो. पहिल्याच फेरीत “तलवार पोटात आरपार गेली, नऊ वजा कर” असे वर्णन करायचे आणि दोन तासांनी तोच योद्धा खेळातले आठ तास झोपून ठणठणीत उठला की “नियमच खोटे आहेत” म्हणायचे, हा कुठला न्याय? नऊ पॉइंट्स गेले ते चौऱ्याऐंशीतले. तिथे वार ढालीवर घेताना खांदा बधिर झाला, पाय घसरला, धाप लागली, एवढेच सांगायला हवे. पोट फाडायचे ते शेवटच्या पॉइंटला. माझ्या टेबलावर मी हे पाळतो आणि तेव्हापासून “इतका जखमी माणूस धावतो कसा?” हा प्रश्न कोणी विचारलेला नाही.

हीच गोष्ट उलट्या बाजूने पाहा. माझ्या एका सेशनमध्ये एक खेळाडू झोपलेल्या पहारेकऱ्याच्या उशाशी पोहोचला आणि त्याने गळ्यावर खंजीर ठेवला. नियमाने पाहिले तर बेशुद्ध माणसावर जवळून लागलेला वार आपोआप क्रिटिकल होतो (एरवी फाशावर वीस पडल्यावर होतो तसा, डॅमेजचे फासे दुप्पट), म्हणजे खंजिराचे चार बाजूंचे दोन फासे आणि वर बोनसचे ३. पहारेकऱ्याचे हिट पॉइंट्स ११. दोन्ही फाशांवर चार पडले तरच तो मरतो आणि ही शक्यता सोळात एक आहे. बाकी पंधरा वेळा गळा चिरलेला पहारेकरी उठून भांडायला लागतो! मी फासे टाकूच दिले नाहीत. पहारेकरी मेला, असे सांगून पुढे गेलो. हिट पॉइंट्स हे सावध प्रतिस्पर्ध्याला वार चुकवता येण्याचे माप आहे आणि झोपलेल्याला काहीच चुकवता येत नाही. जिथे झुंज नाही तिथे झुंजीचे माप लावले की नियम हास्यास्पद दिसणारच.

उंचावरून पडण्याचा नियम मात्र मी टीकाकारांना बिनशर्त देऊन टाकतो. दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा आणि जास्तीत जास्त वीस फासे, म्हणजे सरासरी ७०. आपला ८४ वाला गडी दोनशे फुटांवरून दगडावर पडतो आणि बहुधा कपडे झटकत उठतो. जमिनीला कसब दाखवून चकवता येत नाही. विषाचेही तेच: ओरखडासुद्धा उठला नसेल तर बाणाचे विष भिनले कुठून? या फटी खऱ्या आहेत आणि गायगॅक्स यांच्या खुलाशाने त्या पूर्ण बुजत नाहीत.

त्या का राहिल्या हे मूळ पाहिले की कळते. १९७४ मध्ये हा खेळ प्रसिद्ध होण्यापूर्वी खेळाचे दुसरे जनक डेव्ह आर्नेसन आपल्या ब्लॅकमूर कॅम्पेनमध्ये (अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग गोष्टीत) चेनमेल या युद्धखेळाचे नियम वापरत होते आणि त्यात साधा सैनिक एका घावात मरत असे. खेळाडूंना आपले पात्र असे पटकन गमावणे रुचेना. म्हणून आर्नेसन यांनी स्वतःच्या आरमारी युद्धखेळातून, चिलखती जहाजांच्या नियमांतून, हिट पॉइंट्सची कल्पना उचलली. जहाज गोळे खात हळूहळू निकामी होते. माणूस तसा होत नाही. पण खेळाडूला “आता माघार घ्यावी का?” हा विचार करायला दोन-तीन फेऱ्या मिळतात, आणि माझ्या मते या नियमाची खरी किंमत तीच आहे.

दुसरी तक्रार चिलखताची. एका प्रेक्षकाने प्रतापगडचा दाखला दिला आहे: अफझलखानाचा वार महाराजांना लागला होता, पण अंगरख्याखालच्या चिलखतामुळे तो अंगाला भिडला नाही, मग खेळात चिलखत वार ‘चुकवते’ कसे? दाखला उत्तम आहे, पण खेळाच्या भाषेत हा प्रसंग म्हणजे हुकलेला वारच आहे, कारण ‘हुकला’ याचा अर्थ ‘इजा झाली नाही’ एवढाच. अधिक ५ बोनस असलेल्याला उघड्या अंगावर, आर्मर क्लास १० असताना, ८० टक्के वेळा यश येते आणि पूर्ण पोलादी चिलखतावर, म्हणजे १८ वर, ४० टक्के वेळा. साडेसातच्या वाराचे सरासरी नुकसान सहावरून तीनवर येते. चिलखताने नुकसान निम्मे केलेच आहे, फक्त ते वजाबाकीने न करता फाशाने केले आहे.

ज्यांना वजाबाकीच हवी आहे त्यांनी १९७८ चा रूनक्वेस्ट हा याच जातीचा दुसरा खेळ जरूर खेळावा. तिथे वार, बचाव, शरीराचा भाग आणि डॅमेज असे वेगवेगळे फासे पडतात आणि मग चिलखताचे आकडे वजा होतात. तिथे गुडघ्यावर बसलेला एक वार अख्खा बेत बदलतो आणि तो थरार मला मनापासून आवडतो. पण सहा खेळाडू आणि दहा शत्रू असले की रात्र त्या एका चकमकीतच सरते.

शेवटी, “प्रत्येक क्रिटिकलला एक अवयव तुटावा” हा घरगुती नियम सुचवणाऱ्यांसाठी. वीस हा आकडा दर वारामागे ५ टक्के वेळा पडतो. ज्या गॉब्लिनचा (किरकोळ राक्षसाचा) हात तुटतो तो तसाही पुढच्या फेरीत मरणार असतो, तर तुमचा नायक कॅम्पेनभर प्रत्येक शत्रूचे वार झेलतो. त्यामुळे या नियमाचा भुर्दंड जवळजवळ सगळा खेळाडूंवरच पडतो. हौसच असेल तर कायमची इजा फक्त हिट पॉइंट्स शून्यावर आल्यावर लागू करा.