बंदुकांची खुर्ची

(दृश्य: काळोख. मधोमध प्रकाशात एक खुर्ची. कॅमेरा हळूहळू जवळ सरकतो.)

लांबून पाहिली तर खुर्चीच. मीटरभर उंच, दोन्ही बाजूंना हात, मागे उंच पाठ. ओसरीवर टाकावी आणि आजोबांनी संध्याकाळी बसावं, अशी.

आणखी दोन पावलं पुढे या.

हात टेकायचे दांडे बंदुकांचे आहेत. बैठक म्हणजे शेजारी शेजारी बसवलेल्या लोखंडी नळ्या. पुढचा एक पाय म्हणजे रायफलीची अख्खी नळी. आणि पाठीच्या वरच्या टोकाला दोन लाकडी दस्ते. नेम धरताना सैनिक खांद्याला दाबून धरतो, ते.

ही खुर्ची लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नाव, ‘थ्रोन ऑफ वेपन्स’, शस्त्रांचं सिंहासन. ती घडवली मोझांबिकच्या क्रिस्तोवाओ कान्हावातो यांनी, २००१ साली. कलेच्या जगात त्यांना केस्टर या नावाने ओळखतात.

मराठीत ‘खुर्ची’ म्हटलं की बसायची वस्तू डोळ्यांसमोर येते आणि पाठोपाठ सत्ता. खुर्चीसाठी भांडणं, खुर्चीला चिकटणं, खुर्ची जाणं. आफ्रिकेच्या अनेक भागांतही आसन म्हणजे मान. मुखिया बसतो, बाकीचे त्याच्यापुढे उभे. म्हणून वाटतं, केस्टर यांनी टेबल केलं असतं, दिवा केला असता, तर इतकं बोलून झालं नसतं. ज्या बंदुकांच्या जोरावर खुर्ची मिळवायची, त्याच बंदुकांची खुर्ची. अर्थ सांगायला शेजारी पाटीसुद्धा नको.

(दृश्य: मोझांबिकचा नकाशा. हिंदी महासागराचा लांबच लांब किनारा.)

मोझांबिक १९७५ साली पोर्तुगालपासून स्वतंत्र झाला. त्याआधीची दहा वर्षं फ्रेलिमो ही संघटना वसाहतीच्या सैन्याशी लढत होती. स्वातंत्र्य मिळालं, पण शांतता दोन वर्षंही टिकली नाही. फ्रेलिमोच्या सरकारविरुद्ध रेनामो ही बंडखोर संघटना उभी राहिली. तिला आधी ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, आणि मग दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या राजवटीचं बळ मिळालं. सरकारच्या बाजूला सोव्हिएत गट होता. १९७७ ते १९९२, पंधरा वर्षं यादवी. लढाईत, उपासमारीत मिळून सुमारे दहा लाख माणसं गेली. मुलांच्या हातातही बंदुका दिल्या गेल्या.

४ ऑक्टोबर १९९२ रोजी रोममध्ये तह झाला. कागदावर सह्या झाल्या. बंदुका मात्र घरात राहिल्या. छपरात खोचलेल्या, अंगणात पुरलेल्या. युद्ध संपलं तरी शस्त्र टाकून देववत नाही. उद्या पुन्हा सुरू झालं तर?

इथे एका बिशपांचं नाव घ्यायलाच हवं, दिनिस सेंगुलाने. घरात बंदूक ठेवून झोपणं म्हणजे साप घेऊन झोपणं, एक दिवस तो उलटून चावणारच, असं ते लोकांना सांगत. तलवारी मोडून त्यांचे नांगराचे फाळ करतील, हे यशया या संदेष्ट्याचं वचन बायबलात आहे. ते ऐकून माना सगळेच डोलावतात. सेंगुलाने यांनी त्याची योजना केली. १९९५ साली मोझांबिकच्या ख्रिस्ती मंडळाने काम सुरू केलं. योजनेच्या पोर्तुगीज नावाचा अर्थच होता, शस्त्रांच्या कुदळी.

व्यवहार रोकडा होता. बंदूक आणा, उपयोगाची वस्तू न्या. कुणी कुदळ नेली, कुणी नांगर, कुणी सायकल, कुणी शिवणयंत्र. एका गावाने ५०० शस्त्रं आणून दिली, त्या गावाला ट्रॅक्टर मिळाला. मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोठं वाटतं ते हे शिवणयंत्र. लोक त्या खुर्चीचे फोटो काढतात, काढावेतच. पण ज्या घरातून रायफल बाहेर गेली आणि शिवणयंत्र आत आलं, त्या घरातलं चित्र कुठल्याच संग्रहालयात नाही.

(दृश्य: कापलेल्या नळ्यांचा ढीग. वेल्डिंगच्या ठिणग्या.)

जमा झालेली शस्त्रं निकामी करून तोडली गेली. त्यातले तुकडे राजधानी मापुतोतल्या ‘नुक्लेओ दि आर्ते’ या कलाकारांच्या संस्थेतल्या मंडळींकडे आले. कुणी पक्षी केले, कुणी वाजवणारी माणसं केली. पुढे चार कलाकारांनी मिळून अर्ध्या टनाचं झाड उभं केलं, ‘ट्री ऑफ लाइफ’. त्या चौघांत केस्टरही होते.

पण खुर्चीकडे परत येऊ. तिचे सुटे भाग ओळखता येतात, आणि ओळखले की इतिहास उलगडत जातो. पाठीवरचे दस्ते जी-३ रायफलींचे. मूळ आराखडा जर्मन, बनावट पोर्तुगालची. म्हणजे वसाहतीचं सैन्य. हातांच्या जागी सोव्हिएत एके-४७. पायाची ती नळी उत्तर कोरियाची. अख्ख्या खुर्चीत मोझांबिकमध्ये बनलेली एकही बंदूक नाही. बंदुका बाहेरून आल्या, मेली ती तिथली माणसं. एवढी साधी गोष्ट पुस्तकातून समजायला पानं लागतात. इथे ती वेल्डिंगने जोडून समोर ठेवली आहे.

आपल्याकडेही युद्धातून आलेल्या वस्तू रोजच्या वापरात आहेत. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक भलीमोठी पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर चर्चमधल्या अशा घंटा आपल्या देवळांत आल्या. मेणवलीच्या घंटेवर मेरी आणि बाळ येशू आजही दिसतात. त्या घंटेचा नाद मला प्रिय आहे. तरी ती जिंकणाऱ्याने आणलेली खूण आहे. केस्टर यांच्या खुर्चीत कुणीच जिंकलेलं नाही. फ्रेलिमोची बंदूक कुठली, रेनामोची कुठली, हे तिथे कुणी वेगळं काढून ठेवलेलं नाही.

आणि मोझांबिक आपल्याला वाटतो तितका परकाही नाही. १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातून चालत होता. दोन्ही किनारे एकाच साखळीत बांधलेले. गोव्यात १९२४ साली जन्मलेले आकिनो द ब्रागांसा पुढे फ्रेलिमोच्या लढ्यात उतरले आणि राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे विश्वासू सल्लागार झाले. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत कोसळलं, त्या विमानात ब्रागांसाही होते. दोघेही गेले. यादवी संपलेली त्यांना पाहता आली नाही.

(दृश्य: वाऱ्यावर फडकणारा मोझांबिकचा झेंडा.)

हा मोझांबिकचा झेंडा. १९८३ पासून असाच आहे. पिवळ्या ताऱ्यावर उघडं पुस्तक आणि त्यावर दोन वस्तू एकमेकींना छेद देऊन ठेवलेल्या, कुदळ आणि संगीन लावलेली एके-४७. बंदूक काढावी की ठेवावी यावर देशात वाद झाले, २००५ साली नव्या झेंड्यासाठी स्पर्धाही झाली. झेंडा बदलला नाही. ज्या बंदुकीने स्वातंत्र्य मिळवलं ती पुसायची कशी, असं म्हणणाऱ्यांचंही मन समजून घ्यावं लागतं.

(दृश्य: पुन्हा खुर्ची. कॅमेरा पाठीवरच्या दस्त्यांवर स्थिरावतो.)

ब्रिटिश म्युझियमने ही खुर्ची २००२ साली विकत घेतली. नंतर ती ब्रिटनभर फिरली, शाळांमध्ये गेली, तुरुंगातही गेली.

आता या दोन दस्त्यांकडे नीट बघा. दोन भोकं, म्हणजे डोळे. खाली आडवी खाच, म्हणजे तोंड. दोन चेहरे हसताना दिसतात. केस्टर सांगतात, हे हसू मी कोरलेलं नाही. बंदुका निवडताना ज्यांच्यावर चेहरा दिसला त्या त्यांनी उचलल्या. भोकं आहेत ती स्क्रूची. आणि खाच आहे ती पट्टा अडकवायची, बंदूक खांद्याला लावून चालताना लागतो तो पट्टा.

पट्टा आता नाही. खाच तशीच आहे.

(आवाज थांबतो. खुर्ची दिसत राहते.)