नाव घालून मिळेल

[सांगली, गणपती पेठ. भांड्यांच्या दुकानाची पायरी. पितळी पातेल्यावर छिन्नीचं टोक.]

मांडीवर पोत्याचा तुकडा, त्यावर पालथं पातेलं. डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात छोटी हातोडी. गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर नाव लिहून दिलंय. नाव घालणारे काका ते एकदा वाचतात आणि चिठ्ठी गुडघ्याखाली दाबून ठेवतात. पेन्सिलीची खूण नाही, पट्टी नाही. काठाखाली दोन बोटं सोडून आधी ठिपक्यांची शिरोरेषा उमटते, मग तिच्याखाली एकेक अक्षर.

[छिन्नीचं टोक, अगदी जवळून.]

ही छिन्नी धातू कापत नाही. तिचं टोक अणकुचीदार, पण किंचित बोथट असतं. ठोका बसला की पितळ तिथल्या तिथे दबतं आणि ठिपक्याच्या कडेला केसाएवढा उंचवटा उठतो. जुन्या भांड्यावरून बोट फिरवलं की जी खरखर जाणवते, ती या उंचवट्याची. ठोका हलका पडला तर रोजच्या चिंच-राखेच्या घासण्यानं नाव पुसट होत जातं. जोरात पडला तर पातळ पत्र्याला आतून पोचा येतो. म्हणून काका काम घेण्याआधी भांडं बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. आवाजावरून पत्र्याची जाडी कळते आणि हात तेवढाच जोर लावतो.

आता ‘लक्ष्मी’ हे नाव बघा. ‘ल’ सरळ येतो. पुढे ‘क्ष्मी’ची सगळी गर्दी पातेल्याच्या गोलाईवर बसवायची, वेलांटी काठावर चढू द्यायची नाही आणि ठिपके एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. काका इथं श्वास रोखून धरतात. कॅमेऱ्यात तो थांबलेला क्षण आलाय, म्हणून मुद्दाम ठेवलाय.

[सराफ कट्टा. लाखेत बसवलेली अंगठी.]

पेठेतून सराफ कट्ट्यावर आलं की तंत्र बदलतं. इथं ठोका नाही, ढकलणं आहे. अंगठी हलू नये म्हणून लाखेत पक्की बसवलेली. मुठीत लाकडी बोंडाचं कलम. तळहातानं रेटा द्यायचा, अंगठ्यानं आवरायचं. कलम पुढं सरकतं तसा सोन्याचा बारीक वळलेला तुकडा त्याच्या तोंडाशी उठतो. इथं धातू खरोखर निघतो, आणि निघालेला प्रत्येक कण झाडून डबीत जातो. कलमाचं तोंड जितकं गुळगुळीत घासलेलं, तितका काप चकाकतो. पाटल्यांवरची चमचमणारी नक्षी अशा कापांची असते. कापाचा कोन बदलला की उजेड वेगळ्या बाजूला फेकला जातो.

[अंगण. दगडी पाटा, पोलादी टाकी.]

आणि हे तिसरं खोदकाम, ज्याला कुणी कला म्हणत नाही. पाटा वापरून गुळगुळीत झाला की मसाला घसरतो, वाटला जात नाही. मग त्याला टाकी लावायची. दगडावर ठराविक अंतरानं खळगे पाडत जायचं, ओळीनं, तिरके. जात्यालाही तसंच. शिवाय दोन्ही तळ्यांना, म्हणजे वरच्या आणि खालच्या दगडाला, लावायची, तेव्हा कुठं पीठ बारीक येतं. टाकी लावणाऱ्या बाईंचा हात बघा. डोळे किलकिले, कपची उडेल म्हणून तोंड बाजूला, आणि तरीही ओळ सरळ.

[ताम्रपटाचा छापील ठसा.]

धातूवर अक्षर कोरणं या मुलुखाला नवीन नाही. राष्ट्रकूट राजा चौथा गोविंद याचा शके 855 चा, म्हणजे इसवी सन 933 चा ताम्रपट सांगलीच्याच नावानं ओळखला जातो. जमीन दान दिली की ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरायचं, पत्रे कडीत ओवायचे आणि कडीवर राजाची मुद्रा. ताडपत्र जळतं, भिजतं, त्याला वाळवी खाते. तांबं टिकतं, म्हणून दानाचा पुरावा तांब्यावर.

[मिरज. जुनी गल्ली, मग तांब्याचा पत्रा आणि शाई.]

त्याच तांब्यानं मिरजेत आणखी एक मोठं काम केलं. पुण्याच्या इंग्रज वकिलातीत खोदकाम शिकलेला एक तांबट मिरजेला आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं 1805 साली इथं भगवद्गीता छापली गेली. खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून नव्हे, तर तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरून. ही छपाई कशी होते, ते आम्ही करून पाहिलं. अक्षरं उलटी कोरायची, आरशात दिसतील तशी. पत्र्यावर शाई चोळायची, मग वरची पुसून काढायची. खाचांतली तेवढी राहते. त्यावर ओलसर कागद ठेवून जोरानं दाबायचं. कागद खाचेत शिरतो आणि शाई उचलून घेतो. एक श्लोक उलटा कोरायचा म्हणजे काय, हे एक ‘श्री’ उलटी कोरून बघितल्यावर कळतं. या जातीची छपाई आजही आपल्या खिशात आहे. पाचशेच्या कोऱ्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवा, शाई उंच लागेल.

[जुन्या वाड्याचा माळा. हंडे, परात, घंगाळ, तांब्या.]

आता माळ्यावर या. आम्हाला खरं सांगायचंय ते इथं आहे.

भांड्यावर नाव घालायचं कारण साधं. लग्नकार्यात गल्लीभरची पातेली एकत्र यायची आणि कार्य उरकल्यावर ज्याची त्याच्या घरी जायची. पण लोकांनी नावावर भागवलं नाही. या परातीवर बघा: ‘मामाकडून सप्रेम भेट’, खाली लग्नाची तारीख. या घंगाळावर ‘चि. सौ. कां.’ आणि पुढे नवरीचं नाव. तांब्यावर बारशाचा दिवस. समईच्या बैठकीवर सासूनं सुनेला दिल्याचं. ज्या घरात सातबारा आजोबांच्या नावावर, दुकानाची पाटी पणजोबांच्या नावाची, तिथं आजीचं आणि पणजीचं नाव मात्र पितळेवर आहे, कधी तिच्या माहेरच्या गावासकट. वंशावळीत ‘पत्नी’ एवढंच लिहिलेल्या बाईचं नाव या माळ्यावर सापडलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठांमध्ये शिरलं, तेव्हा चिखलातून काढलेली भांडी कुठल्या घरची, हे याच ठिपक्यांवरून ठरलं.

[भंगाराचा काटा. पारड्यात हंडा.]

अशी भांडी मोडीत जातात. वजन होतं, पैसे मिळतात, हंडा भट्टीत जातो.

[दुकानातला लेझर. संगणकाच्या पडद्यावर नाव.]

आज नाव घालायला विजेचं पेन आहे. त्याची सुई मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होते. स्टीलला ते हवंच होतं, कारण स्टील ठोके खाऊन आणखी कडक होतं आणि छिन्नीला दाद देत नाही. त्यापुढं लेझर आला. पडद्यावर टाईप केलेलं नाव किरण काही सेकंदांत पत्र्यावर उतरवतो. सराफाकडच्या दागिन्यावर भिंगातून दिसणारा सहा अंक-अक्षरांचा हॉलमार्क क्रमांकही बहुधा लेझरचाच. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचा सोन्याचा दागिना त्या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. सोन्याला ओळख मिळाली, हे चांगलंच झालं. पितळेची ओळख आपण जपायची आहे.

काकांच्या शेजारची पायरी आता रिकामी असते.

[हात, पातळ कागद, पेन्सिल.]

माळ्यावरचं भांडं मोडीला काढायचंच असेल तर आधी हे करा. भांडं फक्त कोरड्या फडक्यानं पुसा, घासू नका. नाव पुसट असेल तर त्यावर खडूची पूड चोळा आणि वरची हलक्या हातानं पुसून टाका. ठिपक्यांत पांढरं राहील आणि अक्षर वाचता येईल. मग पातळ कागद घट्ट धरून त्यावर पेन्सिल आडवी फिरवा, ठसा मिळेल. त्याच कागदावर लिहा: भांडं कुठलं, धातू कुठला, नाव कुणाचं, देणारं कोण, आणि ही बाई तुमची कोण. शेवटचं घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला विचारून लिहा.