पिवळं पान म्हणजे भूक नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळा सरत आला की आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरात मला एकच प्रश्न ऐकू येतो. "काकू, लिंबाची पानं पिवळी पडलीत, काय घालू?" झाडाला काय झालंय हे कुणी विचारत नाही. आणि मला विचारेपर्यंत बहुतेक घरांत बरंच काही घालून झालेलं असतं: चहाचा चोथा, केळीच्या सालांचं पाणी, अंड्याची टरफलं, होमाची राख, वर चमचाभर युरिया. हे सगळं प्रेमापोटी होतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच आज यावर बोलायला आले आहे.

आधी युरिया. त्यात 46 टक्के नत्र असतं. शेतात मुळं लांब पसरतात, कुंडीत त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते. मात्रा वाढली की मातीतल्या ओलाव्यात क्षार वाढतात, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि पानांच्या कडा करपतात. मग घरचे म्हणतात, झाड सुकतंय, आणखी पाणी घाला.

आणि पाणी हेच पुष्कळदा मूळ दुखणं असतं. माळव्याची काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत नुसती तीच भरली तर ओली झाल्यावर लादीसारखी बसते. मुळांना हवा मिळत नाही. गुदमरलेलं मूळ शेजारी पडलेलं खतही उचलू शकत नाही, आणि पान पिवळं पडतं. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा. आत ओल लागली तर खताचा डबा उघडूच नका.

माती ठीक असेल तर पिवळेपणा कुठे आहे ते बघा. नत्र, पालाश, मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या कोंबांना पुरवतं, म्हणून आधी खालची पानं उतरतात. लोहाचं तसं नाही. ते जुन्या पानातून सहजी हलत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. आपल्याकडच्या लिंबावर, जास्वंदीवर, मोगऱ्यावर हाच फार दिसतो.

इथे दुसरा गैरसमज. केवडा पडला म्हणजे मातीत लोह नाही, असं धरून लोक कुंडीत गंजके खिळे पुरतात, हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, लोहाचा क्षार, टाकतात. काळ्या मातीत लोह असतंच. पण ही माती चुनखडीची, त्यावर बोरिंगचं जड पाणी. कुंडीच्या काठावर जो पांढरा थर धरतो तो त्याचाच. चुन्यामुळे लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसतं, आणि तुम्ही घातलेल्या हिराकशीचीही थोड्याच दिवसांत तीच गत होते. नर्सरीत चिलेटेड आयर्न मिळतं, म्हणजे दुसऱ्या द्रव्याने धरून ठेवलेलं, विरघळतं राहणारं लोह; त्यातही ई-डी-डी-एच-ए प्रकारचं अशा मातीत टिकतं. ई-डी-टी-ए प्रकारचं लवकर निकामी होतं. पाकीट घेताना हे नाव वाचून घ्या.

अंड्याची टरफलं म्हणजेही चुना, आणि राखही त्याच बाजूला झुकणारी. टोमॅटोचं बूड काळं पडलं की टरफलं घालतात; पण आपल्या मातीत कॅल्शियम भरपूर असतं, ते फळापर्यंत पाण्याबरोबर पोचत नाही, कारण पाणी एक दिवस भरपूर आणि तीन दिवस काहीच नाही. त्यावर एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, ओतलं तर मॅग्नेशियम कॅल्शियमच्याच वाटेत आडवं येतं.

मग घालायचं काय? ते उत्तर याच गावात शोधलं गेलं. 1924 साली अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शेतीशास्त्रज्ञ इंदूरला आले, होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर संशोधन संस्था उभी राहिली आणि तिथे कंपोस्टची पद्धत बसवली गेली. आज जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. 1931 साली ती पुस्तकरूपाने मांडताना हॉवर्ड यांच्या जोडीला नाव होतं त्यांचे इथले सहकारी यशवंत वाड यांचं. आपल्या मुलांना हे नाव ठाऊक असायला हवं, असं मला फार वाटतं. पालापाचोळा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख, ओल राखून, ढीग उलटापालटा करत, साधारण तीन महिन्यांत खत. राख त्यांच्याही ढिगात होती, पण ती कुजताना तयार होणारं आम्ल मारायला. आपण ती थेट कुंडीत टाकतो, जिथे आम्ल नाहीच. पुरतं कुजलेलं खत काळ्या मातीला मोकळं करतं, आणि त्यातली द्रव्यं लोहाला मुळांच्या हाती लागेल असं धरून ठेवतात. कच्चं शेण हे करत नाही, उलट मुळं पोळतात.

माझ्या गच्चीवरच्या लिंबाला मीही दोन वर्षं हिराकस घातली. शेवटी निम्मी माती काढून कंपोस्ट आणि वाळू भरली, बोरिंगचं पाणी बंद करून पिंपात धरलेलं पावसाचं पाणी दिलं, आणि एकदा ते चिलेटेड आयर्न. दिवाळीनंतर फुटलेली पानं हिरवीगार निघाली. जुनी पानं मात्र शेवटपर्यंत पिवळीच होती, आणि माघात आपणहून गळून गेली.