मॅप कुठल्या पेट्रोलवर करायचा?

मंडळी, जपानमध्ये पंपावर हाय-ऑक्टेन मागितलं की 100 ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली पेट्रोल आपोआप पेटायला किती विरोध करतं त्याचा आकडा.) निसानची स्कायलाइन जीटी-आर, मित्सुबिशीची लॅन्सर इव्होल्यूशन, सुबारूची इम्प्रेझा एसटीआय, या गाड्यांच्या जपानी आवृत्त्यांचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी केव्हा पडायची ते, त्या पेट्रोलच्या भरवशावर बेतलेलं आहे. याच गाड्या सेकंडहँड होऊन इंग्लंडला पोचल्या आणि तिथल्या 95-97च्या पेट्रोलसाठी ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, मॅप (टायमिंग आणि इंधनाचे तक्ते) बदलून देणं हा तिथल्या ट्यूनर लोकांचा नेहमीचा धंदा झाला. आपल्याकडे साध्या पेट्रोलचं मानक कित्येक वर्षं 91 होतं. आज ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यामुळे तो आकडा 95च्या आसपास गेला आहे. म्हणून प्रश्न सुटला असं पुष्कळांना वाटतं. माझं तसं मत नाही.

आधी आकड्यांचा घोळ निस्तरू. अमेरिकेतून आलेल्या गाडीच्या टाकीच्या झाकणाआड ‘किमान 91’ लिहिलेलं असतं. मालक म्हणतो, आपल्याकडेही 91च होतं की, मग अडचण काय? अडचण मोजपट्टीची आहे. ऑक्टेन दोन पद्धतींनी मोजतात, आरओएन आणि एमओएन. एकाच सिलिंडरचं, कॉम्प्रेशन कमीजास्त करता येणारं चाचणी इंजिन एकदा मिनिटाला 600 फेऱ्यांवर चालवतात, एकदा 900 फेऱ्यांवर आणि बऱ्याच गरम मिश्रणावर. पहिली चाचणी आरओएनची, दुसरी एमओएनची, आणि पेट्रोलचा दुसरा आकडा नेहमी खाली येतो. आपण आणि युरोप आरओएन सांगतो, अमेरिका दोन्हींची सरासरी सांगते. आपल्या जुन्या साध्या पेट्रोलचं मानक होतं आरओएन 91, एमओएन 81. सरासरी काढा, 86 येते. अमेरिकन झाकणावरचं 91 म्हणजे आपल्या भाषेत 95 ते 96. टर्बो (हवा दाबून भरणाऱ्या) इंजिनात एवढा फरक म्हणजे फार झाला.

आता आत काय होतं ते बघू. प्लगची ठिणगी पडली की ज्वाला मधून कडेकडे सरकते. कडेला उरलेलं मिश्रण तोवर दाबलं जातं, तापतं. ऑक्टेन कमी असेल तर ज्वाला पोचायच्या आत ते आपलं आपण पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. त्या धक्क्याने दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतीवर आपटतात, साधारण सहा-सात किलोहर्ट्झने, आणि ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर नेमकं तेच ऐकत असतो. त्याने ऐकलं की ईसीयू टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. लॅन्सर इव्होच्या ईसीयूत तर टायमिंगचे दोन तक्तेच आहेत, एक चांगल्या पेट्रोलचा, एक हलक्या पेट्रोलचा. नॉकिंग होत राहिलं की तो पहिल्याकडून दुसऱ्याकडे सरकत जातो. मला ही रचना फार आवडते. बनवणाऱ्यांनी मालक हलकं पेट्रोल भरेल हे आधीच धरून ठेवलं होतं.

पण टायमिंग मागे घेतलं की जळण उशिरा होतं आणि उष्णता एक्झॉस्टकडे जाते. टर्बो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतात. त्यांना थंड ठेवायला ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो. पिकअप जातो, अ‍ॅव्हरेजही जातं. म्हणजे इंजिन वाचतं, पण किंमत मोजून.

खंबाटकी घाट, मे महिना, एसी चालू, पुढे ट्रकची रांग, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापलेला. अशात चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर तळाशी दाबायचा, हे कृपा करून करू नका. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी रचना) असलेल्या इंजिनात तिथे निराळा धोका असतो. मिश्रण ठिणगीच्याही आधी पेटतं. ठिणगीच्या आधी पेटलेल्याला टायमिंग मागे घेऊन काय उपयोग? एका दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटू शकते. गिअर खाली घ्या, आरपीएम वर ठेवा. आणि इंजिन ऑइल एपीआय एसपी दर्जाचं (डब्यावर लिहिलेलं असतं) आहे ना, ते बघा, कारण तो दर्जा ठरवताना याही धोक्याची चाचणी घातलेली आहे.

प्लग काढून भिंगाखाली धरायची सवय लावा. पांढऱ्या चिनी मातीवर काळी मिरी भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले तर नॉकिंग चालू आहे. त्यात चकचकीत कण दिसले तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे. त्या दिवशी गाडी गॅरेजमध्येच ठेवा.

आता ई-20. इथेनॉलचं ऑक्टेन 108च्या पुढे आहे, शिवाय त्याचं बाष्प होताना ते मिश्रण थंड करतं. नॉकिंगच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग लागतात, इथेनॉलच्या एका भागाला फक्त 9. त्यामुळे ई-20वर इंजिनाला जास्त इंधन द्यावं लागतं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर ते सांभाळून घेतो. जुन्या परफॉर्मन्स गाड्यांचा ईसीयू मात्र फुल थ्रॉटलवर त्या सेन्सरकडे बघतच नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे इंधन सोडतो. म्हणजे पूर्ण बूस्टला (टर्बोचा पूर्ण दाब असताना) मिश्रण पातळ, हवेच्या मानाने इंधन कमी, आणि पातळ मिश्रण म्हणजे ताप. ऑक्टेनचा आकडा वाढला तरी पिस्टन धोक्यात. त्यात जुने रबरी पाइप आणि सील इथेनॉलने खराब होतात, ते वेगळंच.

यावर लोक दोन उपाय सांगतात. पहिला, ऑक्टेन बूस्टरची बाटली. ‘पाच पॉइंट वाढतात’ असं लिहिलेलं असतं, पण तिथला पॉइंट बहुतेक वेळा ऑक्टेनचा दहावा भाग असतो. म्हणजे 95चं झालं साडेपंच्याण्णव. ज्यात मँगनीजचं संयुग असतं त्या बाटलीने प्लगवर तांबूस थर बसतो. बाटलीवर पैसे घालवू नका. दुसरा उपाय खरा आहे. डिसेंबर 2020मध्ये इंडियन ऑइलने एक्सपी-100 आणलं, मथुरा रिफायनरीतून, आणि ते पुण्या-मुंबईत मिळू लागलं. पेट्रोल उत्तम, पण महाग आणि मोजक्या पंपांवर. पुण्याहून सावंतवाडीला निघालात तर परतीच्या टाकीत काय असेल?

तेव्हा ट्यूनरकडे जाताना टाकीत साधं ई-20 भरून जा. तो शंभरचं आणा म्हणेल, डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) हॉर्सपॉवर जास्त दिसते म्हणून. त्याला सांगा, मॅप या पेट्रोलवर कर, फुल थ्रॉटलचं इंधन वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं प्रमाण नेमकं मोजणारा) लावून तपास, इंजेक्टर आणि पंप पुरतायत का ते बघ, आणि शक्य असेल तर शंभरसाठी दुसरा मॅप वेगळा ठेव. आंबोली चढताना ईसीयूमध्ये पहिला, ई-20चा मॅप असू दे.