भिंतीतला पाइप ठेवायचा का फोडायचा?

(नाशिकमधल्या इंदिरानगरातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी झालेलं बोलणं, थोडं साफसूफ करून.)

नमस्कार. माइक जरा खाली करा... हां, बास. सेक्रेटरी साहेबांनी फळ्यावर 'उष्णजल व्यवस्थेचे आधुनिकीकरण' लिहिलंय, घाबरू नका, पाइपांबद्दलच बोलायचंय. सोसायटीचा पाणी तापवायचा सोलर ठरलाय, दोन-तीन जण हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारं विजेचं यंत्र, म्हणतायत, आणि जो प्लंबर येतो तो बाथरूमच्या टाइलवर दोनदा टकटक करतो आणि म्हणतो, काका, जुनं प्लास्टिक आहे, सगळं फोडावं लागेल. मी अंबडला एका कारखान्यात युटिलिटीला तीस वर्षं काढली, गरम पाणी, वाफ, चिल्ड वॉटर, सगळ्या लाइनी बघितल्या, तरी स्वतःच्या घरात घोळ घातलाच. तो आधी सांगतो.

हा बुटांचा खोका आणलाय, यात तुकडे आहेत, पुढच्या रांगेपासून फिरवा. पहिला हा पांढरा एल्बो, पाइप वळवायचा कोपऱ्याचा जोड, बघा. तोंड लांबट झालंय ना, अंड्यासारखं? २०११ ला मी गच्चीवर २०० लिटरचा सोलर बसवला, काचेच्या नळ्यांचा. संध्याकाळी सात वाजता प्लंबरकडचा क्रीम रंगाचा सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्याच्या प्लास्टिकचा, एल्बो संपला, त्याने साधा पांढरा यूपीव्हीसीचा, थंड पाण्याचा, ठोकला, म्हणाला तात्पुरता आहे. मी पण म्हटलं चालेल. ते तात्पुरतं तीन वर्षं टिकलं, कारण आम्ही रोज पाणी वापरत होतो, टाकी कधी फार तापलीच नाही. मग मे महिन्यात दहा दिवस गावाला लग्नाला गेलो. घर बंद, पाणी कोणी काढत नाही, आणि ऊन काही सुट्टीवर जात नाही, त्या नळ्यांतलं पाणी दिवसाला चढत चढत ८०-८५ अंशाला जातं. एल्बो मऊ पडला, जॉइंट सुटला, सगळी टाकी गच्चीवर. आणि गच्चीवर शेजारच्या वहिनींच्या कुरडया वाळत होत्या! आदल्या दिवशीच घातलेल्या. त्यांचा परत चीक झाला. अजून ऐकतो मी ते.

तर या एल्बोत दोष काहीच नव्हता हो. यूपीव्हीसी पाइपाचं आपल्याकडचं आयएस ४९८५ हे स्टँडर्ड ४५ अंशापर्यंतच्या पाण्यासाठीच आहे, थंड पाण्याला तो पन्नास वर्षं राहिला असता. आणि त्याच घरात भिंतीत २००६ चा सीपीव्हीसी आहे, त्याच सोलरचं पाणी रोज पितो तो, एक थेंब गळत नाही. म्हणजे फुटला तो तीन वर्षांचा, टिकला तो त्याच्यापेक्षा जुना. प्लंबर विचारतो पाइप किती वर्षांचा, आणि मी म्हणतो, त्यातून उद्यापासून काय जाणार ते सांग आधी.

आता खरी मेख इथे आहे, नीट ऐका. तुमच्याकडे आत्ता गिझर बाथरूममध्ये आहे. म्हणजे गरम लाइन केवढी? गिझर ते मिक्सर, दोन-तीन मीटर. गच्चीच्या टाकीपासून गिझरपर्यंत जे काही येतं ते थंड. सोलर आला की पाणी वरूनच गरम येणार, मग कोणीतरी हुशार म्हणतो, डक्टमध्ये, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या बोळात, लाइन आहेच की, तीच वापरू, खर्च वाचेल. ती लाइन बऱ्याच बिल्डिंगांमध्ये पांढरी असते! तिथे ठेवायचा प्रश्नच येत नाही, गरम पाण्याला डक्टमधून नवी लाइन, वाद नाही. पण भिंतीतले ते दोन-तीन मीटर, जे गिझरचं ६५-७० अंशाचं पाणी वर्षानुवर्षं सोसतायत, ते का फोडायचे? हीट पंप तर ५५-६० च्या वर सहसा जातच नाही, म्हणजे त्या पाइपाला उलट आराम. सोलरची भीती असेल तर टाकीच्या खाली थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा, गरमात गार मिसळून उतरणारं पाणी ५५ ला बांधून टाकतो तो. फक्त घेताना कमी प्रेशरवर चालणारा मागा, नाहीतर शॉवरला धार येणार नाही.

प्रेशरचा हिशेब पण करून घ्या, सोपा आहे. दहा मीटर उंचीला एक किलो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून पहिल्या मजल्याला किलोभर मिळतं. सीपीव्हीसीचा जाड पाइप, एसडीआर ११, म्हणजे बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या अकरा पट, तो ८२ अंशाला सुद्धा ७ किलोला पास आहे. थंड पाण्याला हाच पाइप याच्या चौपट झेलतो, म्हणजे गरम झाला की ताकद पाव राहते, पण ती पाव पण आपल्याला कितीतरी जास्त आहे. मग गळतं कुठे? जॉइंटला. हा दुसरा तुकडा बघा, उभा कापलाय. आत कपलरच्या तोंडाशी पिवळी गाठ दिसते ना, रिंग झालीय? ते सॉल्व्हंट आहे, जोड चिकटवायचं, भसाभस लावलेलं, आत जाऊन गोठलंय, निम्मं भोक बुजलंय. आणि दुसऱ्या बाजूला हात फिरवा, पाइप सॉकेटमध्ये पूर्ण गेलाच नाही, बोटभर कमी. असा जॉइंट नव्या पाइपात पण असू शकतो, आणि घाईत केलेल्या नव्या कामात तर असतोच असतो असं माझं मत.

गच्चीवरचा उघडा पाइप मात्र मी ठेवणार नाही, मग तो सीपीव्हीसी असला तरी. तुमच्यापैकी निम्म्यांच्या द्राक्षबागा आहेत दिंडोरी-निफाडला, ठिबकची नळी काळी का असते सांगा? काजळी घातलेली असते तिच्यात, उन्हातलं अतिनील ती अडवते. क्रीम पाइपाला ते संरक्षण फारसं नाही, दहा-बारा वर्षं ऊन खाल्लं की पांढुरका पडतो, नखाने पावडर निघते, आणि करवत लावली की तडकतो. तो बदला, वर फोमची नळी आणि तिच्यावर उन्हापासून कव्हर. आणि सरळ सोटासारखी लाइन भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणू नका. दहा मीटर सीपीव्हीसी २० वरून ७० अंशाला गेला की तीन सेंटिमीटरहून जास्त वाढतो, हिरवा पीपीआर, ते दुसऱ्या जातीचं प्लास्टिक, तर त्याच्या दुप्पट. त्याला सरकायला जागा नसेल तर तो कोपऱ्यातल्या एल्बोवर राग काढतो.

आता थोडं विषयांतर, पण कामाचं. माझी भाची इंग्लंडमध्ये, लीड्सजवळ. तिकडे घर गरम ठेवायला बॉयलरचं पाणी रेडिएटरमधून फिरवतात, ती बॉयलर काढून हीट पंप लावत होती आणि तिलाही तिकडच्या माणसाने हेच सांगितलं, मामा, जमिनीखालचं सगळं प्लास्टिक काढा म्हणतोय. म्हणजे टकटक सगळीकडे सारखीच. मी म्हटलं आधी जमिनीची लाकडी फळी उचल आणि पाइपावर काय छापलंय त्याचा फोटो पाठव. 'बॅरियर' शब्द आहे का बघ. कारण तिथे तेच तेच पाणी वर्षभर फिरतं, आणि साध्या प्लास्टिकमधून हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो, मग आतून लोखंडी रेडिएटर गंजतात, काळा गाळ होतो आणि नव्या हीट पंपात जाऊन बसतो. बॅरियर पाइपात ऑक्सिजन अडवणारा एक पातळ थर असतो. आपल्याकडे ही भानगड नाही, आपलं पाणी रोज नवं, त्यात ऑक्सिजन असतोच.

तिचा पाइप बॅरियर निघाला. तरी काही बदलावा लागलाच, वेगळ्या कारणाने. बॉयलर पाणी पाठवतो ७०-८० ला, हीट पंप ४५-५० ला, आणि जाताना-येताना फरक वीसच्या जागी पाचच अंश, म्हणजे तेवढ्याच उष्णतेला चौपट पाणी. आठ किलोवॅटला मिनिटाला सहा लिटर लागत होतं तिथे २३. आणि प्लास्टिकची भिंत जाड, २२ मिलीमीटरचा तांब्याचा पाइप आतून २० भरतो, प्लास्टिकचा १८. मग हीट पंपापासूनची मेन लाइन २८ ची केली, खोल्यांकडे जाणारे फाटे जुनेच ठेवले, आणि एका खोलीत १० मिलीमीटरची बारीक नळी होती ती काढली. दोन खोल्यांची जमीन उघडली, घर नाही.

हे ऐकून इथे लगेच मोठा पाइप टाकू नका हं! आपलं पाणी फिरत नाही, ते नळापर्यंत येतं आणि थांबतं. वीस मीटर पाऊण इंची लाइनमध्ये साधारण पाच लिटर गार पाणी अडकलेलं असतं, एक इंची केली की साडेआठ, आणि ते रोज सकाळी तुम्ही बादलीत सोडणार, गंगापूर धरणातून आलेलं. डिसेंबरात निफाडचा पारा पेपरात येतो तेव्हा ती साडेआठ लिटरं किती वेळ येतात ते कळतं.

ठेवायचा ठरला तर टेस्ट करा, नुसतं बघून ठरवू नका. हातपंप भाड्याने मिळतो. गिझर सोडवा, टोकं बंद करा, चालू प्रेशरच्या दीडपट भरा, म्हणजे प्रेशर पंप धरून अडीच असेल तर चार किलो. पैलवानकी नको, दहा किलो भरून जुना पाइप फोडणारे महाभाग पण बघितलेत मी. काट्याचं रीडिंग पेन्सिलने टाइलवर लिहा आणि रात्रभर सोडा. सकाळी काटा खाली असला तर आधी पंपाचं स्वतःचं वॉशर तपासा, भिंतीला नंतर हात लावा.

हां, बोला ताई. ...बरं, यांचं म्हणणं फ्लॅट रिसेलचा घेतलाय, भिंतीत काय आहे माहितीच नाही, बिल्डर फोन उचलत नाही. सोपं आहे. बेसिनखालचा गरम बाजूचा अँगल कॉक असतो ना, मेन बंद करून तो खोला, मागची गोल स्टीलची चकती सरकवा आणि मोबाइलची टॉर्च मारा. पितळी तोंडाच्या मागे रंग दिसतो. क्रीम दिसला तर टेस्ट करून ठेवा. हिरवा दिसला तरी टेस्ट करून ठेवा, फक्त त्याला पुढचा जोड मशीनने वितळवून करणारा माणूस बोलवा, सॉल्व्हंटने तो चिकटत नाही. लोखंडी दिसला तर आतून क्षाराने किती भरलाय ते धारेवरूनच कळेल. आणि पांढरा दिसला तर चकती परत लावा, चहा घ्या, आणि मग टाइलवाल्याला फोन करा, जुन्या डिझाइनच्या चार पेट्या त्याच्याकडे उरल्यात का विचारायला.

तो एल्बो कोणाकडे राहिला? परत द्या बरं, वहिनींना दाखवायला लागतो.