रकाना नंबर सात

(दृश्य : गावातली गल्ली. घराच्या दारात प्रगणक, हातात जनगणनेचा तक्ता.)

साल २०११. दारात उभा असलेला प्रगणक बहुतेकदा शाळामास्तरच. प्रश्न क्रमांक ९ : घरात कुणी शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अपंग आहे का? आतून उत्तर येतं, "छे हो, आमच्यात तसलं कुणी नाही." ओसरीवरच्या आजोबांना तीनदा हाक मारल्याशिवाय ऐकू येत नाही. पण ते काय, वय झालं म्हणून!

अशा उत्तरांतून देशभरातल्या अपंगांची बेरीज झाली २ कोटी ६८ लाख. म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचा जगाबद्दलचा अंदाज आहे, दर सहा माणसांत एक. आपण काही जगापेक्षा इतके धडधाकट नाही.

प्रकारवार पाहिलं, तर चालण्या-फिरण्याची अडचण असलेले सर्वांत जास्त, ५४ लाख. दृष्टी आणि श्रवण, दोन्ही ५० लाखांच्या घरात. आता दहा वर्षं मागे जाऊ. २००१ मध्ये दृष्टिदोष असलेले होते १ कोटी ६ लाख आणि कर्णबधिर जेमतेम साडेबारा लाख! दहा वर्षांत निम्म्यांना दिसू लागलं आणि देशाचे कान गेले, असं थोडंच आहे? मधल्या काळात व्याख्या बदलल्या. एकाच डोळ्याने दिसणारा माणूस २००१ मध्ये अपंगांत धरला होता, २०११ मध्ये वगळला. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांचं नेमकं उलट झालं.

मानसिक आजाराच्या रकान्यात फक्त ७ लाख २२ हजार. सव्वाशे कोटींच्या आसपासच्या देशात! दारातल्या परक्या माणसाला हे कोण सांगणार? मुलीचं लग्न ठरायचं असतं.

आणि रकाना नंबर सात : 'इतर'. यात तब्बल ४९ लाख माणसं. ती कोण, त्यांना नेमका कशाचा त्रास, हे त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. स्वमग्नता, पार्किन्सन्स, हिमोफिलिया, सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार), सगळं त्यात आलं. गडचिरोली, नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. सांधे ठणकले की पोर शाळा बुडवून अंथरुणात पडून राहते. २०११ च्या तक्त्यात तिची नोंद झालीच असेल, तर फार तर नंबर सातमध्ये.