अंतरावरचा कर

(नागपुरातल्या एका ग्रंथालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, पत्रिकेवर विषय आहे, पेट्रोल-डिझेलचा भाव गावागणिक वेगळा का. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पेट्रोल-डिझेल त्याच्या बाहेर राहिलं, म्हणून प्रत्येक राज्याचा व्हॅट, म्हणजे विक्रीवरचा कर, निराळा. हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांमध्ये माझं बरंच जाणं-येणं आहे. तिथला एक ड्रायव्हर कळमना बाजारातून संत्र्याचा माल घेऊन मध्य प्रदेशात शिवनी-जबलपूरकडे जातो. त्याच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोमागे एक वही खोचलेली असते. डावीकडे पंपाचं ठिकाण, मध्ये त्या दिवशीचा भाव, उजवीकडे किती लिटर टाकलं ते. डिझेलचे डाग पडून काही आकडे पुसट झालेत, ते त्यानं पुन्हा गिरवलेत. मी विचारलं, एवढं लिहून काय करता? म्हणाला, “भाऊ, खवासा बॉर्डर लागायच्या आधी देवलापारले टाकी फुल्ल करतो. तिकडं भाव जास्त हाय.” ३०० लिटरमागे दीड-दीड रुपया वाचला, तर ४५० रुपये झाले. मालकानं ठरवून दिलेल्या खर्चीतून तेवढे त्याचे सुटतात, वाटेतलं जेवण निघतं. इंधनाच्या भावाचा इतका नेमका अभ्यास मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे, आणि त्या वहीबद्दल मला मनापासून आदर आहे.

नवापूरला याच्या उलट. तिथलं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. गुजरातेत पेट्रोल आपल्यापेक्षा बरंच स्वस्त, तेव्हा माणसं पलीकडे जाऊन टाकी भरतात. त्यात आपल्या पंपवाल्याचा धंदाही बुडतो आणि राज्याचा करही. पण सीमेवर राहणाऱ्याला निदान पलीकडे जाता येतं. परभणीकरानं कुठं जावं? राज्यात पेट्रोल महागलं की पहिली बातमी परभणीची. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतून संभाजीनगर, जालना मागे टाकत टँकर तिथं पोचतो, आणि ते भाडं भावात चढतं. आपल्याला खापरीचा डेपो जवळ आहे. गडचिरोलीच्या टोकाला असलेल्या सिरोंच्याला काय जवळ आहे?

अध्यक्षांनी पाच मिनिटांची चिठ्ठी दिली आहे, आणि ज्यासाठी आलो तो मुद्दा अजून राहिलाच आहे. आता भराभर सांगतो.

केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरमागे ठरावीक रुपयांत असतं. मुंबईत जेवढं, तेवढंच सिरोंच्यात. राज्याचा व्हॅट मात्र टक्क्यांत. १ जुलै २०२४ पासून राज्यभर तो एकसारखा झाला: पेट्रोलवर २५ टक्के, वर लिटरला ५ रुपये १२ पैसे, डिझेलवर २१ टक्के. त्याआधी माहुलच्या रिफायनऱ्या अंगणात असूनही मुंबईकर जास्त दरानं कर भरत होता. ते थांबलं, हे चांगलंच झालं. पण टक्का एक झाला म्हणून कर एक होत नाही. कारण हा टक्का मूळ किंमत, केंद्राचं शुल्क, वाहतूक, या सगळ्यांच्या बेरजेवर लागतो. समजा दूरच्या पंपावर पेट्रोलला लिटरमागे भाडं २ रुपये जास्त पडलं, तर त्यावर व्हॅटचे ५० पैसे आणखी. रस्ता लांब, म्हणून राज्याला कर जास्त! हे अन्यायाचं आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी दुर्गम भागासाठी राज्यांतर्गत भाड्याची फेररचना केली, ओडिशात मलकानगिरीसारख्या ठिकाणी भाव उतरले. आपल्याकडे विधानसभेची आचारसंहिता होती, म्हणून महाराष्ट्र तेव्हा वगळला गेला. भाडं कंपन्यांच्या हातात आहे, पण भाड्यावरचा कर राज्याच्या हातात आहे.

माझी मागणी एवढीच, की व्हॅटही लिटरमागे रुपयांत लावा. पेट्रोलवरचे ते ५ रुपये १२ पैसे लिटरमागेच आहेत, म्हणजे पद्धत राज्याला नवी नाही. एकूण महसूल तेवढाच राहील अशी रक्कम ठरवा. मुंबईकराला काही पैसे जास्त पडतील, ते मला मान्य आहे. भाव चढला की तिजोरीत आपोआप येणारी वाढ थांबेल, म्हणून विरोध होईल. मग दर वर्षी अर्थसंकल्पात रक्कम मांडा आणि सभागृहात तिच्यावर चर्चा करा.

पंपाची पावती काढून बघा. लिटर, दर, रक्कम. भाडं किती, कर किती, काही नाही. आमदारांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा दाराशी ठेवला आहे. सही करताना आपल्या गावच्या पंपाची पावती जोडा. गडचिरोली, गोंदियाकडच्या मंडळींनी तर नक्कीच. तारीख दिसेल अशी झेरॉक्स काढा, ती शाई लवकर उडते.